पिकले असतीन त : इंग्रजीतलं विशेषण आणि अट

कळमेश्वरच्या एमआयडीसीत काम करणारा एक मुलगा संध्याकाळच्या वर्गाला यायचा. आयटीआय झालेला, तिथल्याच ब्राह्मणीत खोली करून राहणारा, हाताला हुशार. एकदा वर्ग सुटल्यावर तो मागे थांबला आणि त्यानं मोबाइलमधला एक फोटो दाखवला. यंत्रावर चिकटवलेलं सूचनापत्र होतं, तेलाच्या बोटांनी कडा काळ्या झालेल्या. त्यातली चौथी ओळ अशी : ‘द फिल्टर, इफ डर्टी, शुड बी क्लीन्ड बिफोर द शिफ्ट.’ दीड महिना तो रोज शिफ्टच्या आधी फिल्टर काढून धूत होता. रोजच्या काढघालीनं त्याचं रबरी पॅकिंग गेलं आणि त्याला बोलणी खावी लागली. ‘सर, एकबी शब्द अडला नाही मले,’ तो म्हणाला. ‘फिल्टर माहीत, डर्टी माहीत, क्लीन माहीत. मंग चुकलो कुठं?’

त्याच्या वाचण्यात ‘डर्टी’ हा शब्द फिल्टरला चिकटला होता. ‘घाण फिल्टर साफ करावा’ असा अर्थ त्यानं लावला. यंत्रात बसवलेला फिल्टर घाण होतोच, हे त्याला अनुभवानं ठाऊक होतं, म्हणून रोज धुणं त्याला रास्त वाटलं. मधले दोन स्वल्पविराम आणि दोन अक्षरांचा ‘इफ’ नजरेतून निसटला. सूचनेनं त्याला आधी पाहायला सांगितलं होतं. त्यानं थेट धुवायला घेतलं.

ही पुस्तिका त्याच्या त्या ‘चुकलो कुठं?’मधून निघाली आहे. विषय छोटा दिसतो : इंग्रजी वाक्यात विशेषण आणि अट एकत्र येतात तेव्हा काय होतं. पण पाच-सहा वर्षं कामगार, शेतकऱ्यांची मुलं, परीक्षा देणाऱ्या मुली यांच्याबरोबर इंग्रजी वाचताना माझी खात्री झाली की बरेच जण अडतात ते नेमके इथंच. मोठे शब्द ते शब्दकोशात पाहून घेतात. ‘इफ’ कुणी शब्दकोशात पाहत नाही.

इंग्रजी वाक्यं इथं देवनागरीत दिली आहेत. वर्गातले बहुतेक जण इंग्रजी आधी कानानं उचलतात, आणि वाक्याचा तोल कुठं थांबतो, कुठं वळतो हे कानाला चटकन कळतं. ‘इफ डर्टी’च्या आधी आणि नंतर जो थांबा आहे तो मोठ्यानं वाचलं तरच लक्षात येतो. त्या मुलाला मी ती ओळ तीनदा मोठ्यानं वाचायला लावली. तिसऱ्यांदा तो मधेच थांबला आणि हसला.

कळमेश्वरात ही गोष्ट समजावून द्यायला फार लांब जावं लागत नाही. नागपूरहून काटोल नाक्यानं निघालं की फेटरीनंतर कळमेश्वर येतं. इटारसीकडे जाणारी गाडीही गोधनी सोडून इथूनच पुढे कोहळी, काटोल, नरखेडकडे जाते. एका अंगाला कारखाने आणि दुसऱ्या अंगाला मोहपा, धापेवाडा, काटोलकडचे संत्र्याचे बगीचे. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी, नाहीतर मामाच्या घरी तरी, संत्र्याची झाडं आहेत. म्हणून मी यंत्र बाजूला ठेवलं आणि संत्रा घेतला.

दोन वाक्यं फळ्यावर लिहिली. ‘पिकलेले संत्रे तोड.’ ‘संत्रे पिकले असतील तर तोड.’ आणि विचारलं, बाप मजुराला पहिलं वाक्य म्हणाला तर तो काय करेल आणि दुसरं म्हणाला तर काय करेल? मागच्या बाकावरून लगेच उत्तर आलं. पहिल्या वाक्यावर मजूर झाडावर चढेल आणि निवडून निवडून तोडेल. पिकलेले काही तरी आहेतच, हे बापानं गृहीत धरलेलं आहे. दुसऱ्या वाक्यावर तो आधी बगीच्यात फिरेल, दोन-चार फळं चाखेल, आणि कदाचित रिकाम्या हातानं परत येईल. परत आला तरी त्यानं सांगितलेलं काम केलेलंच असेल.

यात सगळं आलं. नामाच्या आधी बसलेलं विशेषण गुण गृहीत धरतं. अटीत गेलेलं विशेषण तोच गुण तपासायला लावतं. आपल्या शाळेच्या व्याकरणात यासाठी जवळचे शब्द आहेत : नामाच्या आधी येतं ते अधिविशेषण, नामानंतर येऊन विधान पुरं करतं ते विधिविशेषण. आठवी-नववीत आपण ही नावं पाठ करतो आणि परीक्षा झाली की विसरतो, कारण त्यांचा उपयोग काय हे कुणी दाखवत नाही. उपयोग हा. इंग्रजीत अट घालायची तर विशेषण सहसा विधीच्या जागी न्यावं लागतं. ‘प्लक द राइप ऑरेंजेस’ यात अट नाही. ‘प्लक द ऑरेंजेस इफ दे आर राइप’ यात आहे. आणि ‘द ऑरेंजेस, इफ राइप, शुड बी प्लक्ड’ यातही आहे, फक्त ‘दे आर’ हे दोन शब्द गिळलेले आहेत.

संत्र्याच्या बाबतीत ही अट नुसती व्याकरणाची राहत नाही. आंबा कच्चा उतरवला तरी अढीत पिकतो. संत्रा झाडावरून उतरला की त्याची गोडी पुढे वाढत नाही. जेवढा पिकला तेवढाच. आंबिया बहाराची फळं थंडीच्या तोंडाशी येतात, मृग बहाराची उन्हाळ्याच्या सुरुवातीला, आणि दोन्ही वेळा घाईनं तोडा घेतला की माल आंबट जातो आणि कळमन्याच्या बाजारात भाव पडतो. ‘पिकले असतील तर’ यातल्या ‘तर’ची किंमत इथल्या प्रत्येक बागवानाला माहीत आहे. इंग्रजीतला ‘इफ’ त्याला त्या ‘तर’मधून शिकवला तर तो विसरत नाही, असा माझा अनुभव.

आमच्या भागात तर हे वाक्य असंही बोललं जात नाही. बाप म्हणतो, ‘संत्रे पिकले असतीन त तोडजो.’ या ‘तोडजो’वर मला थोडं थांबायचं आहे. ‘तोड’ म्हणजे आत्ता तोड. ‘तोडजो’ म्हणजे वेळ आल्यावर तोड, मी समोर नसेन तेव्हा, सांगितलेली गोष्ट जुळून आली की. अनेकांना सांगायचं तर ‘तोडजा’. प्रमाण मराठीत आज्ञा एकच, आमच्याकडे दोन : आत्ताची आणि पुढची. आणि अटीबरोबर येते ती बहुतेक वेळा पुढची. ‘पाऊस आला त कपडे काढजो.’ ‘भूक लागली त जेवून घेजो.’ शाळेत या बोलण्याला अशुद्ध म्हणून लाल रेघ मिळते. मला त्यात अटीचं इतकं बारीक भान दिसतं की वर्गात मी ते आवर्जून बोलायला लावतो. ज्याच्या जिभेवर ‘तोडजो’ आहे त्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही की अट पुरी होईपर्यंत आज्ञा थांबलेली असते. सूचनापत्रातल्या ‘इफ डर्टी’ची आज्ञा तशीच थांबलेली होती. त्या मुलाला मी शेवटी हेच सांगितलं : वाक्य ‘धू’ म्हणत नव्हतं, ‘धुवजो’ म्हणत होतं.

आता गिळलेल्या शब्दांकडे. ‘इफ नेसेसरी’, ‘इफ पॉसिबल’, ‘इफ एनी’, ‘अनलेस इल’. क्रियापद नाही, कर्ता नाही, तरी पूर्ण अट. रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये इंग्रजीचं जे मोठं व्याकरण प्रसिद्ध केलं, त्यात अशा उपवाक्यांना क्रियापदाविना उपवाक्यं म्हणून स्वतंत्र जागा दिली आहे. शाळेतल्या पुस्तकांत मात्र ती सापडत नाहीत. तिथं अटीची वाक्यं म्हणजे तीन प्रकारांचा तक्ता : पहिला, दुसरा, तिसरा. तक्त्यातलं सगळं लक्ष क्रियापदाच्या रूपांवर. मग ज्या अटीत क्रियापदच नाही ती तक्त्यात बसणार कुठं? आणि फॉर्मवर, औषधाच्या चिठ्ठीवर, नोकरीच्या जाहिरातीत, यंत्राच्या अंगावर भेटते ती तर हीच. तक्ता पाठ असलेला मुलगा ‘इफ एनी’पाशी थबकतो, यात मी त्याचा दोष मानत नाही.

‘इफ एनी’ला मराठीनं फार सुंदर उत्तर दिलेलं आहे : ‘असल्यास’. कोणत्याही अर्जात पाहा, ‘इतर उत्पन्न, असल्यास’. एका शब्दात अट पुरी. ‘आवश्यक वाटल्यास’, ‘योग्य आढळल्यास’, ‘शक्य झाल्यास’. महाराष्ट्र राज्य झालं त्याच वर्षी, १९६० मध्ये, भाषा संचालनालय स्थापन झालं आणि कारभाराची भाषा मराठी करायचं मोठं काम सुरू झालं, तेव्हापासून ही रूपं कागदोपत्री इतकी रुळली की अनेकांना ती सरकारी वाटतात. पण ती कुठल्या समितीनं घडवलेली नाहीत. ‘आला’, ‘गेला’ यांचं सामान्यरूप ‘आल्या’, ‘गेल्या’. त्याला ‘स’ लागला की ‘आल्यास’, ‘गेल्यास’. भाषेच्या पोटातलं जुनंच रूप. इंग्रजी ‘इफ’ अधिक विशेषण दिसलं की मी विद्यार्थ्यांना सांगतो, आधी ‘-ल्यास’ लावून बघा. ‘इफ डर्टी’ : घाण असल्यास. ‘इफ अव्हेलेबल’ : उपलब्ध असल्यास. ‘इफ फाउंड गिल्टी’ : दोषी आढळल्यास. दहांतल्या नऊ वेळा अर्थ जागेवर बसतो.

‘आढळल्यास’मध्ये एक बारकावा आहे, जो नोकरी शोधणाऱ्यांनी ध्यानात घ्यावा. ‘सुटेबल कँडिडेट्स विल बी कॉल्ड’ आणि ‘कँडिडेट्स, इफ फाउंड सुटेबल, विल बी कॉल्ड’ ही दोन वाक्यं सारखी वाटतात. पहिल्यात योग्य उमेदवार आहेत, त्यांना बोलावणार. दुसऱ्यात योग्य कोण ते आम्ही ठरवणार, आणि कुणीच तसा आढळला नाही तर कुणालाच बोलावणार नाही. विशेषण तेच, जागा बदलली की दार अर्धं मिटतं.

यापुढचा प्रश्न मात्र दहाव्या वेळेचा आहे, आणि तो मला सगळ्यांत जिव्हाळ्याचा वाटतो. कर्ता गिळला तर विशेषण कुणाचं, हे कसं कळायचं?

मराठीत विशेषण स्वतःच ते सांगतं. विकारी विशेषण असेल तर शेवटचा स्वर बोलतो. इंग्रजीत लिहिलेलं आहे : ‘इफ वेट, डू नॉट टच द पॅनल.’ ओलं कोण? मराठीत ‘ओला असल्यास’ म्हटलं की हात लावणारा माणूस, ‘ओली असल्यास’ म्हटलं की बाई, ‘ओलं असल्यास’ म्हटलं की पॅनल, ‘ओले असल्यास’ म्हटलं की हात. एका मात्रेनं मालक ठरतो. इंग्रजी विशेषणाला लिंग नाही, वचन नाही. ‘वेट’ तो ‘वेट’च. हे काम इंग्रजीनं वाक्याच्या रचनेवर सोपवलं आहे. नियम असा, की गिळलेला कर्ता हा मुख्य वाक्याचाच कर्ता असावा. ‘इफ टायर्ड, द ऑपरेटर शुड स्टॉप द मशीन’ : थकलेला ऑपरेटर. ‘इफ टायर्ड, द मशीन शुड बी स्टॉप्ड’ असं लिहिलं की थकवा मशीनकडे गेला. मराठी माणूस ही चूक करतो ती निष्काळजीपणानं नव्हे. त्याच्या भाषेत शेवटचा स्वर राखण करत असतो, म्हणून कर्त्याची राखण करायची सवयच त्याला नसते. हे कारण समजलं की चूक सुटायला लागते. नुसतं ‘चुकलं’ म्हणून लाल शाई मारली की सुटत नाही.

पण इंग्रजी स्वतः तरी हा नियम नेहमी पाळते का? रसायनांच्या डब्यांवर धोक्याच्या सूचना कशा लिहायच्या, याची एक जागतिक पद्धत संयुक्त राष्ट्रांनी ठरवली. तिची पहिली आवृत्ती २००३ मध्ये आली. एमआयडीसीत काम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढून तिच्यातली वाक्यं रोज जातात. डोळ्यांत रसायन गेलं तर काय करायचं, त्यातली एक सूचना अशी : ‘रिमूव्ह कॉन्टॅक्ट लेन्सेस, इफ प्रेझेंट अँड इझी टू डू.’ वर्गात या ओळीवर आम्ही पाऊण तास घालवला. ‘इफ’ एक, विशेषणं दोन. ‘प्रेझेंट’ कोण? लेन्स. ‘इझी’ काय? लेन्स सोप्या नसतात. सोपं असतं ते काढणं. म्हणजे एकाच ‘इफ’च्या पोटात दोन विशेषणं आणि दोघांचे मालक वेगळे. मराठीत आणताना दोन्ही मालक उघड करावे लागले : ‘कॉन्टॅक्ट लेन्स घातलेल्या असल्यास आणि काढणं सोपं असल्यास त्या काढाव्यात.’ एक मुलगी म्हणाली, ‘मराठी वाक्य लांब झालं, पण डोळ्यात जळजळ होत असताना मला हेच कळेल.’ संकटाच्या वेळी वाचायच्या वाक्यात कर्ता गिळू नये, असं माझं ठाम मत तेव्हापासून झालं आहे, मग भाषा कुठलीही असो. या पुस्तिकेत लिहिण्याचे जे सराव आहेत त्यांत म्हणूनच गिळलेली अट उघडून लिहायचे सराव जास्त आहेत, गिळायचे कमी.

आता ‘इफ’ची दुसरी बाजू, जिथं चांगले वाचकही फसतात.

आंबिया बहाराचा सुरुवातीचा संत्रा बघितला आहे का? साल बरीचशी हिरवी, आत मात्र फोड गोड. इंग्रजीत त्याला कुणी ‘अ स्वीट, इफ ग्रीन, ऑरेंज’ म्हटलं, तर ‘-ल्यास’ लावून काय होईल? ‘हिरवा असल्यास गोड संत्रा.’ म्हणजे हिरवा असला तरच गोड! अर्थाचा बट्ट्याबोळ. इथं ‘इफ’ अट घालत नाही, कबुली देतो : हिरवा असला तरी गोड. मराठीत जर-तर वेगळं आणि जरी-तरी वेगळं. जर आणि जरी यांत एका दीर्घ वेलांटीचा फरक, तर आणि तरी यांतही तेवढाच, आणि त्या वेलांटीनं अटीची कबुली होते. इंग्रजीनं ही वेलांटी पुष्कळदा लिहिलीच नाही. ‘ईव्हन इफ’, ‘दो’ असे शब्द आहेत, पण दोन विशेषणांच्या मधे एकटा ‘इफ’ बसला की तो बहुधा ‘जरी’ असतो. ‘अ गुड, इफ एक्स्पेन्सिव्ह, स्कूल’ : महाग असली तरी चांगली शाळा.

गंमत अशी की आपल्या शालेय व्याकरणानंही या दोन जोड्या एकाच घरात ठेवल्या आहेत. जर-तर आणि जरी-तरी, दोन्ही संकेतबोधक उभयान्वयी अव्ययं. एका घरातली भावंडं असल्यानं इंग्रजीत त्यांना एकच कपडा चालतो, हे मुलांना पटकन पटतं.

‘इफ नॉट’ याहून अवघड. ‘डिफिकल्ट, इफ नॉट इम्पॉसिबल’ याचं मराठी काय? ‘अशक्य नसलं तरी अवघड’ असंही होतं आणि ‘अवघड, किंबहुना अशक्यच’ असंही. पहिल्यात आशा शिल्लक आहे, दुसऱ्यात जवळपास संपली आहे. इंग्रजी लिहिणाऱ्याला दोन्ही दरवाजे उघडे ठेवता येतात. मराठीत आणणाऱ्याला एक निवडावाच लागतो. मी विद्यार्थ्यांना सांगतो की आजूबाजूची वाक्यं वाचा, लिहिणाऱ्याचा कल कुठं आहे ते बघा, आणि स्वतः लिहिताना ही रचना टाळा. विशेषतः अर्जात आणि तक्रारीत. ‘मेनी, इफ नॉट ऑल, फार्मर्स’ लिहिलं तर साहेब विचारणारच, सगळे की पुष्कळ?

पिकाच्या नुकसानीचे अर्ज लिहायला लोक येतात तेव्हा या अटी किती जड असतात ते कळतं. पीकविम्यात ७२ तासांच्या आत कळवायची अट सोयाबीन-कपाशीवाल्यांनी वर्षानुवर्षं ऐकली आहे. ‘लॉसेस, इफ रिपोर्टेड विदिन सेव्हन्टी-टू अवर्स’ या तुकड्यातला ‘इफ’ खरोखरचा ‘जर’ आहे. तिथं ‘जरी’ वाचणारा हातचं घालवून बसेल.

तिसरा भाग त्या वाक्यांचा, जिथं विशेषण पुढे बसतं आणि अट मागून येते. ‘आय शाल बी ग्रेटफुल इफ...’, ‘इट वुड बी बेटर इफ...’, ‘आय वुड बी सरप्राइज्ड इफ...’ मराठीचा ओघ उलटा. अट आधी, भावना नंतर : ‘तू आलास तर बरं होईल.’ त्यामुळे आपल्याकडून ‘इफ यू कम देन इट विल गुड’ असं निघतं. ‘बी’ गळतो आणि नको तिथं ‘देन’ येतो. सरावानं हे जुळतं, त्यावर फार लिहीत नाही. पण एक जोडी डोळ्यांपुढे ठेवावी : ‘ग्लॅड दॅट यू केम’ आणि ‘ग्लॅड इफ यू केम’. पहिलं म्हणजे आलास, आनंद झाला. दुसरं म्हणजे आलास तर आनंद होईल. अजून कुणी आलेलं नाही. विशेषणानंतर ‘दॅट’ आला की गोष्ट घडलेली, ‘इफ’ आला की टांगलेली. आणि ‘आय वुड बी सरप्राइज्ड इफ ही केम’ हे तर आपल्या बोलण्यात जसंच्या तसं आहे : ‘तो आला तर नवलच!’ म्हणजे तो येणार नाही. या ‘नवलच’मध्ये जे ठासून म्हटलेलं आहे ते ‘सरप्राइज्ड इफ’मध्ये आहे, हे सांगितल्यावर वर्गातल्या एका ताईंनी पटकन स्वतःचं वाक्य केलं, ‘आय वुड बी सरप्राइज्ड इफ द बस केम ऑन टाइम.’ काटोल रोडवर उभं राहून इंग्रजी शिकणाऱ्याला याहून खरं वाक्य सुचणं कठीण.

उरला ‘असता’. ‘मी पक्षी असतो तर’, ‘सूर्य संपावर गेला तर’ हे निबंध आपण सगळ्यांनी लिहिले आहेत. पहिल्यात न घडणारी अट, दुसऱ्यात घडल्याची कल्पना. आपल्या व्याकरणात क्रियापदाच्या ‘असता’सारख्या रूपाला संकेतार्थ म्हणतात. ‘पाऊस वेळेवर आला असता तर फळगळ झाली नसती.’ दोन्हीकडे ‘असता’, दोन पारड्यांत सारखं वजन. इंग्रजीत पारडी सारखी नसतात : एकीकडे ‘हॅड’, दुसरीकडे ‘वुड हॅव’. म्हणून आपण ‘इफ द रेन वुड हॅव कम’ म्हणतो. तसंच ‘पाऊस आला तर पेरू’ यात आपण पुढच्या गोष्टीला झालेल्या गोष्टीचं रूप देतो, इंग्रजी तिला वर्तमानकाळाचं देते. आपण घाबरून दोन्ही सोडतो आणि ‘इफ रेन विल कम’ लिहितो. विशेषण सोबत आलं की मात्र हीच वाक्यं सोपी होतात, हे मला उशिरा कळलं. ‘इफ द रेन्स आर गुड’, ‘इफ द रेन्स वर गुड’, ‘इफ द रेन्स हॅड बीन गुड’. ‘गुड’ जागचा हलत नाही, बदलतं ते फक्त ‘बी’चं रूप. एक खुंटा पक्का राहतो आणि त्याभोवती काळ फिरतो. तीन प्रकारांचा तक्ता शिकवायचाच असेल तर विशेषणाच्या वाक्यांनी सुरू करावा, क्रियापदांच्या नव्हे. या पुस्तिकेचा क्रम त्यामुळेच नेहमीच्या पुस्तकांपेक्षा वेगळा आहे.

मराठी माणसाच्या हातात इंग्रजी व्याकरण येऊन आता पुष्कळ पिढ्या झाल्या. दादोबा पांडुरंगांनी १८३६ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, ते इंग्रजी व्याकरणाची मांडणी पुढे ठेवून. १९११ मध्ये मोरो केशव दामल्यांनी, केशवसुतांच्या भावानं, ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ लिहून मराठीला तिच्या स्वतःच्या अंगानं तपासलं. इंग्रजी शिकायला तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती, पुढे रेन आणि मार्टिन आले. त्यातले पर्सिव्हल रेन स्वतः मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होते. नागपुरात बर्डीवरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत ही सगळी अजून मिळतात. जून २००० पासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. तर्खडकरांचं एक मोठेपण मला आज जास्त जाणवतं : त्यांनी प्रत्येक इंग्रजी वाक्याला मराठी वाक्य जोडून ठेवलं होतं. पुढे ‘इंग्रजीतूनच इंग्रजी’ अशी हवा आली आणि ती जोडणी तुटली. ज्याच्या घरी इंग्रजी बोललं जातं त्याला त्यानं फरक पडला नसेल. ब्राह्मणीच्या खोलीत एकटा सूचनापत्र वाचणाऱ्याला पडला. दादोबांनी इंग्रजीच्या आधारानं मराठी मांडली. मी इथं दामल्यांच्या मराठीचं बोट धरून इंग्रजीकडे गेलो आहे.

पुस्तिका वाचताना प्रत्येक इंग्रजी वाक्य एकदा मोठ्यानं वाचावं, मग ‘-ल्यास’ लावून बघावं, नाही जमलं तर ‘जरी’ लावून बघावं, आणि शेवटी विचारावं, विशेषण कुणाचं? सरावांची उत्तरं मागे आहेत. घरच्या बोलीत उत्तर लिहिलं तरी ते बरोबरच धरावं.

त्या मुलानं पुढे काय केलं ते सांगतो. त्यानं आपल्या सुपरवायझरला विचारून सूचनापत्राची चौथी ओळ नव्यानं लिहिली. आधी मराठीत : ‘शिफ्टच्या आधी फिल्टर पाहावा. घाण असल्यासच साफ करावा.’ मग इंग्रजीत : ‘चेक द फिल्टर बिफोर द शिफ्ट. क्लीन इट ओन्ली इफ इट इज डर्टी.’ कागद मला दाखवायला आणला तेव्हा ‘इट इज’ हे दोन शब्द त्यानं वेगळ्या पेनानं, ओळीच्या वर, मागाहून घातलेले दिसत होते. ‘असल्यासच’मधल्या ‘च’ला ‘ओन्ली’ लावला, पण तो ‘क्लीन’च्या आधी घालायचा की ‘इफ’च्या, यावर त्याचा आणि त्याच्या जोडीदाराचा अजून वाद चालू आहे. चौथ्या प्रकरणाची सुरुवात त्या वादानं होते.

कळमेश्वर, जि. नागपूर